लालबागची कोरी बाटली

तव्यावर मोहरी तडतडली.

शून्य दशांश शून्य दोनच्या आत यायला हवं होतं. शून्य दशांश एक्केचाळीस आलं.

खाऱ्या दाण्यांची पुडी, अर्धी संपलेली, तोंड पिळून बंद केलेली.

"बाटलीला फडकं लावू नये." भिंतीवरच्या कागदातलं सातवं वाक्य. खाली लाल पेनाची रेघ.

गच्चीच्या कठड्याला दोऱ्यानं बांधलेली जुनी सीडी, वाऱ्यावर गरगरणारी, कावळ्यांना लांब ठेवायला.

जिन्यात बसलेली शांताकाकू: "काय गो, आता पावसाकपण डबो लागता?"

एक पितळी किल्ली. तिला निळा दोरा.

हे सगळं जिथं पडलंय तिथं तूर्त पडू दे. आधी राधाची ओळख करून घेऊ.

राधा घाडी, वय एकोणपन्नास. परळच्या एका संशोधन संस्थेत तेवीस वर्षं परिचर, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं बाटल्यांच्या खोलीत. खोली म्हणजे जिन्याखालची एवढीशी जागा. एक मोरी, शुद्ध पाण्याचा नळ, एक मीटर, एक काचेचं कपाट. किल्ली एकच, आणि ती राधाच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी.

काम काय, तर बाटल्या स्वच्छ करायच्या. चाळीतल्या बायका म्हणायच्या, म्हणजे भांडीच की. राधा वाद घालत नसे. भांडं स्वच्छ झालं की डोळ्याला दिसतं. तिच्या बाटल्या डोळ्याला आधीपासूनच स्वच्छ दिसायच्या, कारखान्यातून नुकत्याच आलेल्या, पांढऱ्या, आणि तिथून तिचं काम सुरू व्हायचं. शुद्ध पाण्यानं तीनदा विसळायचं. मग काठोकाठ शुद्ध पाणी भरून, झाकण लावून, एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात मीटरची कांडी बुडवायची. पाण्यात काहीही विरघळलेलं असलं, डोळ्याला न दिसणारं, जिभेला न कळणारं, तरी मीटरचा आकडा वर चढतो. दोनच्या आत राहिला तर बाटली पास. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पास झालेली बाटली कपाटात उलटी ठेवून सुकवायची. पुसायची नाही, फुंकर घालायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. सुकली की झाकण, वर एक पिशवी, त्यावर दुसरी पिशवी. अशा आठ बाटल्यांचं एक खोकं.

या बाटल्यांत पाऊस धरायचा होता. तीन ठिकाणी: गिरगावात खोताच्या वाडीतल्या एका घराच्या छपरावर, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत, आणि लालबागला राधाच्याच चाळीच्या गच्चीवर. लालबागचा पाऊस खाली येता येता काय काय गोळा करतो? मसाल्याच्या चक्क्यांची भुकटी, गणपतीच्या कारखान्यांतलं प्लास्टर, उड्डाणपुलावरचा धूर. हे मोजणं म्हणजे इरावतीचा अभ्यास. इरावती सत्तावीस वर्षांची. पीएचडीचं शेवटचं वर्ष, आणि म्हणून शेवटचा पावसाळा. पुढच्या पावसाला ती संस्थेत नसणार होती.

लालबागला रोज सकाळी बाटली बदलायचं काम राधानं घेतलं. गच्चीची चावी तिच्या नवऱ्याकडे, दीपककडे, आणि चाळ कमिटी बाहेरच्या माणसाला रोज वर चढू देईना. त्यामुळे एक एक खोकं राधाच्या घरी यायचं आणि संपेपर्यंत कपाटावर राहायचं.

दर दोन आठवड्यांनी परीक्षा असायची. इरावती स्वतः लालबागला यायची, खोक्यातली एक बाटली काढून गच्चीवर उघडायची, आणि पावसाऐवजी तिच्यात संस्थेतून आणलेलं शुद्ध पाणी ओतायची. झाकण लावून परत न्यायची आणि संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर तपासायची; तिथं आकडा शून्य दशांश शून्य दोनच्या आत यायला हवा. पाणी जसं ओतलं तसंच निघालं, तर बाटली, खोकं, घर, हात, सगळं स्वच्छ. पाण्यात काही सापडलं, तर ते पावसातून आलेलं नाही. ते माणसांकडून आलेलं. इरावती तिला ब्लँक म्हणायची. राधा म्हणायची कोरी.

१४ जुलै, लालबाग, पहिली कोरी: खराब.

२८ जुलै, लालबाग, दुसरी कोरी: पहिलीपेक्षा खराब.

गिरगावच्या कोऱ्या साफ. अँटॉप हिलच्या साफ. त्या बाटल्याही राधानंच धुतलेल्या.

*

आठ ऑगस्टला इरावतीनं राधाला संगणकासमोर बसवलं. शेजारी हर्षवर्धन सर उभे होते, विभागप्रमुख, हातात चष्मा.

"राधाताई, हे बघा. हा डोंगर सोडियमचा, हा क्लोराइडचा. दोन्ही जोडीनं वर गेलेत."

"म्हणजे मीठ," राधा म्हणाली. नऊ वर्षांत एवढं तिला कळायला लागलं होतं. "समुद्राचं असेल, मॅडम. दोन्ही दिवशी वारा होता."

"मलाही तेच वाटलं होतं. पण समुद्राचं मीठ एकटं येत नाही, सोबत मॅग्नेशियम आणतं. गिरगावच्या पावसात बघा, आहे. इथं नाही." इरावतीनं पडद्यावरच्या सपाट रेघेवर पेन टेकवलं. "हे पुडीतलं मीठ आहे. स्वयंपाकघरातलं. दोन्ही वेळचं."

"किती?"

"एक खडा. फार तर दोन."

सरांनी चष्मा घातला. "राधाबाई, तुमचं घर केवढं?"

"एक खोली आहे सर. वर पोटमाळा."

"आणि स्वयंपाक?"

"तिथंच."

"हं," सर म्हणाले. एवढंच. पण त्या हंकारात राधाची खोली, ओटा, तव्यावरचे बोंबील, सगळं मावलं.

"सर, खोकं बंद असतं. दोन पिशव्या असतात," ती म्हणाली.

"मी कुठं नाही म्हणतोय? मी इतकंच म्हणतो की कारण सांगा." सर खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलू लागले. "कारण कळलं तर मीठ कुठल्या खोक्यात गेलं ते कळेल. तेवढी खोकी बाद करू, बाकीची ठेवू. कारण कळलं नाही तर लालबागचे सगळे पाऊस बाद. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही ती कितीदा घडली हेही माहीत नसतं. बरोबर?"

इरावती हातातलं पेन उघडत होती, बंद करत होती.

"अकरा तारखेला तिसरी कोरी घ्या. नवं खोकं, पहिल्यापासून. ती साफ आली तर बाटल्यांची खोली आहे तशी राहील, त्यात मी पडणार नाही. पण चूक धुणाऱ्याच्या हातून झालेली निघाली, तर मात्र मला तयार बाटल्या मागवाव्या लागतील. नाइलाज आहे."

राधानं मान डोलावली. तिचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

आणि तिथंच, संगणकासमोर बसल्या बसल्या, तिला सत्तावीस जुलै आठवला.

*

सत्तावीस जुलै. संध्याकाळचे साडेसहा.

पहिली कोरी खराब आल्याचं कळून सहा दिवस झाले होते. सहा दिवस तिच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसरी कोरी. ती पाच नंबरचं खोकं छातीशी धरून जिना चढत होती, आणि पहिल्या मजल्यावर शांताकाकू बसलेली, शेजारी अजून दोघीजणी.

"इली बघा सायंटीस!" शांताकाकू म्हणाली. "आता पेपरात फोटो येतलो हिचो. आमका वळखतलंस मा गो?"

तिघी हसल्या. वाईट नव्हतं त्या हसण्यात काही. पण तिघींचे डोळे खोक्यावर होते, जिना संपेपर्यंत होते, हे राधाला पाठीला जाणवलं.

घरात कुणी नव्हतं. दीपक मंडळाच्या मीटिंगला गेलेला. तिनं खोकं जमिनीवर ठेवलं, वरचं झाकण काढलं, आतल्या आठ पिशव्या मोजल्या. मग बरणीतून मूठभर मीठ घेतलं, चिमूटभर मोहरी घेतली. लेकीची दहावी होती तेव्हा घेतलं होतं तसं. दीपकनं स्कूटर आणली तेव्हा घेतलं होतं तसं. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, ज्याची कुणाची लागली असेल ती निघून जाऊ दे. एकदा, दोनदा, तीनदा मूठ खोक्यावरून फिरली. मग तापल्या तव्यावर टाकली. असं तडतडलं की ती मागे सरली. बघ, होती म्हणजे. केवढी होती!

त्या रात्री तिला झोप लागली.

पावसाळ्यातलं मीठ ओलसर असतं. मुठीला चिकटतं, मुठीतून ओघळतं. एक खडा. फार तर दोन.

*

आता हिशेब सोपा होता. गप्प बसलं तर तिसरी कोरी साफ येईल, कारण या वेळी ती दृष्ट काढणार नव्हती. खोली राहील, किल्ली राहील. इरावतीचे एक्केचाळीस पाऊस जातील. बोललं तर पाच नंबरचं खोकं बाद होईल, बाकीचं राहील, आणि किल्ली जाईल.

पण मधेच एक काटा होता. चौदा जुलैला तिनं काहीच केलेलं नव्हतं. तेव्हा काळजीच नव्हती, तर दृष्ट कशाला काढेल? मग चौदाचं मीठ आलं कुठून?

बसच्या रांगेत, मोरीपाशी, भाजी निवडताना, ती चौदा जुलैची सकाळ उलटी सोडवत बसली. विणलेलं उसवतात तशी.

बाटलीला झाकण लागलं. इरावतीनं लावलं.

त्याआधी पाणी ओतलं. इरावतीनं ओतलं, आपण छत्री धरली होती. छत्रीची दांडी फक्त.

त्याआधी इरावतीनं पिशवीतून बाटली काढली. खोकं आपण धरलं होतं, खालून.

त्याआधी इरावतीनं बॅगेतून हातमोजे काढले, घातले.

त्याआधी गच्चीचं दार. कडी गंजलेली. आपण उघडली. नंतर हात धुतले? धुतले. पिंपाशी.

त्याआधी जिन्यात इरावतीची वाट बघत वर उभं राहणं. ती धापा टाकत आली. "काही खाल्लंत का मॅडम सकाळपासून?" "हो हो, खाल्लं वाटेत."

त्याआधी घर. पोहे केले होते. पोह्यांत मीठ. खोकं तेव्हा कपाटावर, बंद. पोहे ढवळताना मीठ उडतं का? कपाटापर्यंत?

त्याआधी आंघोळ. त्याआधी झोप. झोपेत घाम. घामात मीठ असतं.

इथपर्यंत आलं की ती पुन्हा झाकणापासून सुरुवात करायची.

*

बाटल्यांच्या खोलीतल्या भिंतीवरचा कागद, वाक्य तीन: "समाधान होईपर्यंत विसळावे." हे वाक्य कुणी लिहिलं देव जाणे. नऊ आणि दहा ऑगस्टला राधाचं समाधान होईना.

सातव्या खोक्याच्या आठ बाटल्या. पहिलीचा आकडा एक दशांश एक. पास. तिनं ओतून दिलं आणि पुन्हा विसळली. शून्य दशांश नऊ. पास. पुन्हा. मीटरची कांडी धुतली, मीटर तपासला, हातमोजे बदलले, बदललेले हातमोजे दुसऱ्या हातमोज्यांनी धरून घातले. नवं खोकं आतून बाहेरून धुतलं, कोपऱ्यांत शुद्ध पाणी सोडलं आणि त्या पाण्याचाही आकडा घेतला. खोक्याच्या पाण्याचा आकडा आजवर कुणी घेतला नव्हता. इरावती दारातून बघत होती.

"राधाताई, बास आता. झाल्यात त्या."

"झाल्यात," राधा म्हणाली, आणि पुन्हा नळ सोडला.

"माझं काय व्हायचं ते होईल हो. तुम्ही नका त्रास करून घेऊ." इरावती हसायला गेली. "आई म्हणते, घरी ये परत, पाऊस तर सगळीकडेच पडतो."

राधाला तिच्याकडे बघवेना. बोलायचं तर आत्ताच, असं तिला वाटलं. पाणी वाहत राहिलं.

घरी जाऊन तिनं मिठाची बरणी उचलली, झाकणावर पिशवी बांधली आणि शांताकाकूच्या दारात नेऊन ठेवली.

"चार दिवस ठेवा काकू."

"तिन्हीसांजेचा मीठ घराभायर काढतंस? येडी की काय तू?" शांताकाकूनं कपाळाला हात लावला. "मीठ म्हणजे लक्ष्मी गो. सकाळी तरी आणूचा."

"सकाळपर्यंत नको आहे मला ते घरात."

"भांडलंस काय दीपकावांगडा?"

"अजून नाही," राधा म्हणाली.

ते तासाभरानं झालं. दीपकनं आमटी तोंडात घातली, थांबला, भाताकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"मीठ खंय गेला?"

"दोन दिवस नाही."

"गावात संप झालो काय मिठाचो?"

"बाटल्यांसाठी आहे."

"पाऊस पडतलो बाटलीत, आणि मीठ जातला माझ्या ताटातला! व्वा." त्यानं पापड मोडला. पापडात मीठ होतं. राधानं त्याच्या हातातून पापड काढून घेतला, डब्यात टाकला, डबा पोटमाळ्यावर ठेवला. दीपक जागचा हलला नाही. "राधा, गो, बस हंयसर. काय झाला तां सांग."

तिनं सांगितलं. मूठ, मोहरी, तवा, सगळं. आणि चौदा तारखेचा काटाही.

दीपकनं बोटानं ताटातला भात एकत्र केला. मग त्याची मराठी साधी झाली. तो गंभीर झाला की तसं व्हायचं.

"सांगून टाक. पण जे केलंस तेवढंच सांग. नाही केलंस ते कशाला डोक्यावर घेतेस?"

"आणि चौदाचं विचारलं तर?"

"म्हणायचं, माहीत नाही. खरंच माहीत नाही ना?"

"माहीत नाही," राधा म्हणाली.

*

अकरा ऑगस्ट, सकाळचे साडेआठ. गच्ची ओली. सीडी गरगरत होती. समोरच्या शेडमधून गणपतीच्या कारखान्याची माणसं बाहेर येऊन चहा पीत होती, कोपरांपर्यंत पांढरी.

इरावतीनं हातमोजे घातले. दोन्ही हात वर धरून ती सातव्या खोक्यापाशी आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"मॅडम, थांबा. उघडू नका."

"काय झालं? हात लागला का कुठं?"

"नाही. हे खोकं चांगलं आहे." राधानं छत्री मिटली. "पाच नंबरचं मी खराब केलं. सत्तावीस जुलैला. मी त्याची दृष्ट काढली."

"कशाची?"

"खोक्याची."

"दृष्ट म्हणजे..."

"मीठ, मोहरी. झाकण उघडून वरनं ओवाळलं. तीनदा."

इरावतीचे हात अजून वरच होते. मग ती हसली. आधी नाकातून, मग सगळं अंग हलेल इतकं, आणि हसता हसता पिंपाच्या कट्ट्यावर बसली. "माझ्या बाटल्यांची दृष्ट. अहो राधाताई! कोण लावणार होतं त्यांना?"

"लागते," राधा म्हणाली. "तडतडली ना."

"बरं, बरं. थांबा." इरावतीनं हातमोजे ओरबाडून काढले, बॅगेतून वही काढली, पानं उलटली. आता तिचा आवाज पळायला लागला होता. "पाच नंबर. लालबागच्या बाटल्या, एल तेहेतीस ते एल चाळीस. एक कोरी आणि सात पाऊस. सातच! बाकीची खोकी वेगळ्या दिवशी आली, ती तुम्ही उघडली नाहीत?"

"नाही. फक्त बाटली काढायला."

"मग वाचलं. म्हणजे सहा नंबर साफ, चार साफ, एक, दोन..." बोट एका ओळीवर थांबलं. "चौदा जुलै. हे तीन नंबरचं खोकं."

राधा कठड्यावरच्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"त्याचीही काढली होती का?"

समोरचा एकजण चहाचा कप धुवायला नळावर गेला. नळ सुटला, बंद झाला.

"राधाताई, हे महत्त्वाचं आहे. एका कोरीचं कारण दिलं आणि दुसरीचं नाही, तर सर म्हणतील मीठ अजून कुठून तरी येतंय. आणि त्यांचं बरोबर असेल. मग परत सगळेच बाद." इरावती उठून जवळ आली. वही तिनं छातीशी धरली होती, राधा खोकं धरायची तशी. "तेरा तारखेला खोकं तुमच्या घरी आलं. त्या संध्याकाळी. आठवून बघा. काढली होती का?"

जे केलंस तेवढंच सांग. बिनमिठाच्या ताटावर बसून दीपक म्हणाला होता. झाकण, पाणी, पिशवी, हातमोजे, दार, जिना, पोहे, घाम. माहीत नाही.

"हो," राधा म्हणाली.

"नक्की?"

"पहिलीच परीक्षा होती. म्हटलं नीट होऊ दे. तेव्हाही काढली."

इरावतीनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग तिनं राधाचा हात धरला. उघड्या हातानं उघडा हात. नऊ वर्षांत संस्थेतल्या कुणी तो तसा धरला नव्हता, मधे नेहमी हातमोजा असायचा.

"थँक यू," ती म्हणाली. "सांगितलंत, थँक यू."

मग तिनं नवे हातमोजे घातले, आणि राधानं छत्री उघडली.

*

तिसरी कोरी: शून्य दशांश शून्य एक. साफ.

हर्षवर्धन सरांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं राधाला वाटलं. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "तुमच्या अक्षरात लिहा. तारीख, खोकं, काय केलं. इरावतीच्या प्रबंधात याचा उल्लेख लागेल."

राधानं लिहिलं. *२७ जुलै. खोके क्र. ५. मीठ व मोहरी ओवाळली. रा. घाडी.* हे लिहिताना हात स्थिर होता. खालच्या ओळीवर पेन टेकवलं आणि शाईचा एक ठिपका उमटून पसरला. *१३ जुलै. खोके क्र. ३. वरीलप्रमाणे. रा. घाडी.*

"बाटल्या चांगल्या धुता तुम्ही," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "त्यात वाद नाही. पण आता तयार मागवतो. तुम्ही लायब्ररीत बघा, तिथं माणूस कमी आहे."

"हो सर."

"किल्ली इरावतीकडे द्या."

"आज एक काम बाकी आहे सर. मग देते."

बाकी होतं ते बाद बाटल्या ओतायचं. पाच नंबरचे सात पाऊस तिनं पटापट ओतले, तोंड वाकडं करून, खरकटं टाकावं तसे. मग तीन नंबरचं खोकं घेतलं. एल अठरा. एल एकोणीस. शीतकपाटातून आलेल्या बाटल्या हाताला गार लागत होत्या. यातली एकेक तिनं स्वतः सकाळी बदलली होती, अनवाणी, ओल्या गच्चीवर, श्वास रोखून. या सात पावसांवरून मूठ कधी फिरलीच नव्हती. हे या इमारतीत तिला एकटीला माहीत होतं, आणि आता ते कुणाला सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

तिनं एकेक झाकण उघडलं. सवयीनं, झाकणाच्या आत बोट न लावता. मोरीत पाणी सावकाश सोडलं. सातवी बाटली रिकामी झाल्यावर तिनं ती तीनदा शुद्ध पाण्यानं विसळली, कपाटात उलटी ठेवली, दार लावलं, आणि निळा दोरा मानेवरून काढला.

इरावती बाहेरच उभी होती. तिनं किल्ली दोन्ही हातांनी घेतली.

"राधाताई, सत्तावीस पाऊस राहिले. पुरतील."

"पुरू दे," राधा म्हणाली. "काही खाल्लंत का सकाळपासून?"

"हो हो. खाल्लं वाटेत."

चौदा जुलैला सकाळी, लालबागच्या चाळीच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, इरावतीनं खारे दाणे खाल्ले होते, आणि हातमोजे त्यानंतर, त्याच बोटांनी ओढून घातले होते.